वन अॅडल्ट, वन सीनियर

रविवार, रात्र.

पाय अजिबात दुखत नाहीयेत. हे आधी लिहून ठेवते.

"वन अॅडल्ट, वन सीनियर." चिरंजीव खिडकीपाशी एवढंच म्हणाले. आतल्या मुलीनं मान वर करून माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मशीनमधून दोन चिठोऱ्या आल्या, त्यातली एक माझ्या हातात. मला साठ पुरी होणार दिवाळीत, म्हणजे अजून तीन महिने आहेत. पाटीवर साठ आणि त्यापुढे असं स्वच्छ लिहिलेलं होतं. तेव्हा कायद्यानं बोलायचं तर आम्ही मायलेक आज माल्टाच्या गोझो बेटावर, चिटाडेल नावाच्या किल्ल्यातल्या संग्रहालयांत खोटं बोलून शिरलो.

पैशाचं म्हणाल तर एसटीत 2023 पासून अर्ध्या तिकिटावर बसतेच आहे, तिथं कधी काही टोचलं नाही. ते बाई म्हणून मिळतं, वयाचा प्रश्नच येत नाही. मग इथं का टोचावं? त्यानं विचारलं नाही म्हणून? की विचारावंसं त्याला वाटलंच नाही म्हणून? हे असते तर म्हणाले असते... जाऊ दे.

आणि वर चढताना धाप कोणाला लागली होती? बसमधून व्हिक्टोरियात उतरलो (राणीचं नाव 1887 साली दिलेलं, ते पाट्यांवर. गाववाले रबातच म्हणतात), चौक ओलांडला आणि समोर चढण. आपल्या गडांसारखं पहाटे निघा, दोन तास घाम गाळा, असलं काही नाही. मोजून पाच-सात मिनिटं. मी पर्वतीच्या 103 पायऱ्या आठवड्यातून चारदा करते. चिरंजीव दिवसभर खुर्चीत. अर्ध्यात थांबून 'फोटो काढू या' म्हणाले. मी काढू दिला.

वर मात्र फार सुंदर आहे, चिडचिड बाजूला ठेवून सांगते. सगळा दगड मधासारखा पिवळा. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून कोणी आलं तर भिंतीला टेकावं. मोडक्या घरांच्या नुसत्या चौकटी, आणि त्यांतून वाळलेलं गवत. तटावरून अख्खं बेट दिसतं, शेवकिया गावच्या चर्चचा भलामोठा घुमट, पलीकडे समुद्र. इथल्या कॅथेड्रलला मात्र घुमट नाही. पैसे संपले म्हणून राहिला. मग 1739 मध्ये सिसिलीहून चितारी आणून सपाट छतावरच घुमट रंगवून घेतला. खाली बरोबर जागी उभं राहिलं की अगदी खरा, पोकळ, उंच. मी दोन पावलं बाजूला सरकले तर तो कलंडला. चिरंजीव म्हणाले, "आई, इथून बघ ना, इथूनच बरोबर दिसतं." मी तिथून बघितलं नाही. का, कोण जाणे. बघायला हवं होतं.

बाहेर तटाच्या सावलीत बसलो. ऊन मी म्हणत होतं. ते फोनवरून मला वाचून दाखवत होते. पूर्वी म्हणे कायदाच होता: दिवसभर शेतात राबा, पण रात्री सगळ्या बेटानं तटाच्या आत निजायला यायचं. चाच्यांची भीती. 1637 पर्यंत हे असं. मला ते आवडलं, सगळं गाव दिवेलागणीला एका दाराच्या आत. दारात उभं राहून मोजणारी कोणीतरी असेलच. आता आपापल्या... असो.

मग 1551 चा जुलै. तुर्कांचं आरमार आलं, थोड्याच दिवसांत किल्ला पडला, बेटावरची 5000 च्या आसपास माणसं गुलाम करून त्रिपोलीला नेली. काही तटावरून दोरांनी उतरून पळाली. "आणि एक साधू आणि चाळीस म्हातारी माणसं तेवढी..." एवढं वाचून ते थांबले. मी म्हटलं, वाच की. "सोडून दिली." फोन खिशात.

थोडा वेळ दोघंही समुद्राकडे बघत होतो. माझ्या डोक्यात आपलं, चाळीस म्हातारी. दया म्हणून सोडलं असेल, असं कोणाला वाटेल. मला नाही वाटलं. बाजारात उभं केलं तर गिऱ्हाईक मिळणार नाही, आणि वाटेत खायला मात्र घालावं लागणार, म्हणून. लेकी-सुना, मुलं, नातवंडं होड्यांत बसवून नेली आणि हे चाळीस वर, याच दगडांत. रात्री तटाचं दार लावायला कोण उठलं असेल? आणि लावून तरी काय.

इथं खरं तर डोळ्यांत पाणी आलं होतं. गॉगल होता.

पण मग एकदम हसूच फुटलं. म्हणजे त्या जुलैत मी इथं असते, आणि चिरंजीवांनी पाशाच्या माणसापुढे 'वन सीनियर' म्हणून सांगितलं असतं, तर मी सुटले असते! तीन महिने कमी भरतात म्हणून हुज्जत घातली असती का मी तिथं? आणि हे, अॅडल्ट, पाच मिनिटांच्या चढणीला धापा टाकणारे, वल्ह्यावर बसले असते. किती दिवस टिकले असते देव जाणे. मला हसताना बघून त्यानं विचारलं काय झालं. काही नाही म्हटलं. भूक लागलीय म्हटलं. खाली चौकात वाटाण्याच्या पास्तीत्सी खाल्ल्या, करंजीची थोरली जाऊ. त्याची अर्धी मीच संपवली.

त्याला माझं साल आठवत नाही असं नसेल. अक्काशी साठीशांतीचं बोलणं चाललंय त्याचं, मला ऐकू येतं. त्याच्या हिशेबात मी कधीच साठ झालेय, एवढंच. मीसुद्धा त्याला अजून रस्ता ओलांडताना दंड धरून ओढते. आज दोनदा ओढलं.

बोटीची गंमत म्हणजे गोझोला येताना तिकीट लागत नाही, परत जाताना घेतात. संध्याकाळी इम्जारच्या धक्क्यावर ते खिडकीशी गेले. मी मागे उभी, कान तिकडे. "टू," म्हणाले. फक्त टू.

तिथं ज्येष्ठांचा वेगळा दर असतो की नाही, ते पाटीवर लिहिलेलं असणार. मी वाचलं नाही. मुद्दामच.