लव्हाळ्याशी दुसरं वर्ष: परसबागेची नोंद

मागच्या वर्षी मी लव्हाळा, म्हणजे जमिनीखालच्या गाठींतून फुटणारं चिवट तण, खणून काढला आणि तो तिप्पट झाला. यंदा पहिल्यांदाच कोंबांची संख्या उतरतेय, म्हणून सविस्तर लिहितेय.

आमचं घर कोल्हापुरात जयंती नाल्यापासून फार लांब नाही. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पुराचं पाणी परसात शिरलं, जाताना चार बोटं गाळ ठेवून गेलं. त्या गाळात वांगी-दोडके झकास आले, आणि लव्हाळाही.

मागच्या वर्षी भर पावसाळ्यात कुदळीनं वाफे खणले, तिथंच चुकले. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीखाली दोऱ्यासारख्या मुळांनी एकीला एक जोडलेल्या असतात. माळ अखंड असते तोवर त्यातल्या बऱ्याच गाठी झोपून राहतात. ती तुटली की जिथं एक कोंब होता तिथं चार येतात. भांगलायला येणाऱ्या मावशी तेव्हाच म्हणाल्या होत्या, "ताई, वरचं उपटून काय हुतंय? खाली लेकुरवाळं हाय ते."

यंदा एप्रिलच्या सुरुवातीला फूटभर लांबी-रुंदीची चौकट टाकून कोंब मोजले: ४६. मग दोन वाफ्यांवर दोन उपाय केले.

पहिल्या वाफ्याचं पाणी तोडलं, माती खोल खणून ढेकळं उन्हात उघडी टाकली आणि दर आठवड्याला पालथी केली. खणणं तेच, पण कोरड्या उन्हात. गाठ पूर्ण सुकली की मरते. नखानं तोडून बघायची: आत पांढरी, ओलसर असेल तर जिवंत, तपकिरी आणि ठिसूळ असेल तर गेली. हे काम वळवाच्या आधी उरकायला हवं. मे महिन्यात एक वळीव मोठा पडला आणि कडेच्या अर्धवट सुकलेल्या गाठी पुन्हा फुटल्या. पुढच्या वर्षी मार्चातच सुरू करणार.

दुसरा वाफा भरपूर भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक अंथरलं, कडा मातीनं दाबल्या आणि ६ आठवडे तसाच ठेवला. माठ आणि गाजर गवत तिथं नंतर जवळजवळ उगवलंच नाही, इतकं वरच्या थरातलं बी भाजलं. लव्हाळा मात्र खालच्या गाठींतून वर आला. जूनअखेर पहिल्या वाफ्यात १७ कोंब, दुसऱ्यात २९.

उसाचं पाचटही घालून बघितलं. इतर तणांना ते छान दाबतं, पण लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो, तो पाचटातून सरळ वर येतो. उसात त्याच्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल हे तणनाशक फवारतात. माझ्या वाफ्यात टोमॅटो, वांगी, घेवडा सगळं शेजारी-शेजारी आहे, तिथं मी ते आणणार नाही.

खरा फरक पडला तो जुलैपासून. दर १५ दिवसांनी खुरप्यानं प्रत्येक कोंब मातीच्या किंचित खालून कापायचा, एकही पाळी न चुकवता. नव्या गाठी धरायला वेळच मिळाला नाही तर जुनी गाठ साठवण खर्च करत राहते. शिवाय लव्हाळ्याला सावली सोसत नाही, म्हणून जूनमध्येच दोन्ही वाफ्यांत रताळ्याचे वेल लावले होते. ऑगस्टात त्यांनी जमीन झाकली आणि भांगलण निम्म्यावर आली. नवरात्रात उपवासाला घरची रताळी निघाली, तेव्हा मोजणी ५ आणि ८.

गाजर गवताचं थोडक्यात: फुलावर यायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट. एकेक झाड हजारो बिया टाकतं, आणि त्याच्या परागानं माझे हात-मान खाजून लाल होतात. मागच्या रिकाम्या प्लॉटवर ते कमरेएवढं होतं. ऑगस्टात तिथं मेक्सिकन भुंगेरे दिसले, पांढुरक्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा. १९८४ च्या सुमारास बंगळुरूकडे याच गवतासाठी सोडलेला हा किडा. बाटलीत शे-दीडशे गोळा करून प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला सोडले. दोन-तीन आठवड्यांत तिथल्या झाडांची पानं चाळणीसारखी झाली. एवढा आनंद मला भाजी बघूनही होत नाही.

आणि सगळंच तण उपटू नका. घोळ, केना, आंबुशी मी वाफ्याच्या कडेला राहू देते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा घोळीची भाजी ठरलेलीच.

आता उरलाय अळूचा कोपरा. सांडपाण्याची ओल तिथं बारमाही, आणि लव्हाळ्याच्या गाठी अळूच्या मुळ्यांत अशा गुंतल्यात की खुरपं आत जात नाही. या थंडीत अळूचे सगळे कंद उपटून, धुऊन, एकेक तपासून कुंड्यांत लावणार आणि सांडपाणी केळीकडे वळवून तो कोपरा उन्हाळाभर कोरडा ठेवणार. तिथली आजची मोजणी: ३८.