ड्युटी शून्य, तरी ट्रक उभाच

आफ्रिकेच्या फ्री ट्रेड एरियाचा विषय निघाला की बहुतेक लोक थेट ड्युटीवर घसरतात. २०१८ च्या मार्चमध्ये किगालीत सह्या झाल्या, २०२१ च्या १ जानेवारीपासून कराराखाली व्यापार सुरू झाला, ९० टक्के वस्तूंवरची ड्युटी टप्प्याटप्प्याने जाणार वगैरे. सगळं खरं आहे. पण मोंबासाहून कंपालाला किंवा लुसाकाहून हरारेला माल पाठवणाऱ्याला विचारा, त्याचं घोडं ड्युटीवर पेंड खात नाही. ड्युटीचा रेट छापलेला असतो, कोटेशनमध्ये धरता येतो. सीमेवर लॅब रिपोर्टची वाट बघत चार दिवस उभा राहिलेला ट्रक कुठल्या कॉलममध्ये धरायचा ते सांगा.

मी पूर्व आफ्रिकेत फॉरवर्डिंगच्या धंद्यात कागदपत्रांच्या बाजूला होतो, त्यामुळे नॉन टॅरिफ बॅरियर (ड्युटी सोडून व्यापारात येणारे बाकीचे अडथळे), म्हणजे आमच्या भाषेत एनटीबी, हा विषय मला रिपोर्टमधून नाही तर ड्रायव्हरच्या फोनवरून कळला. तोच परमिट दोन खात्यांनी वेगवेगळा मागणं, एका वजनकाट्यावर पास झालेली गाडी पुढच्या काट्यावर ओव्हरलोड निघणं, शेजारच्या देशाचं क्वालिटी सर्टिफिकेट न मानता परत सॅम्पल काढणं, 'फी' या नावाखाली कुठेच न छापलेली रक्कम. अंक्टाड या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार संस्थेच्या हिशोबाने आफ्रिकेत हे अडथळे नेहमीच्या ड्युटीपेक्षा किमान तिप्पट जाच करतात, आणि ते काढले तर वर्षाला साधारण २० अब्ज डॉलरचा फायदा आहे, नुसती ड्युटी काढली तर फक्त ३.६ अब्जांचा. एवढा फरक असून परिषदांमध्ये गुऱ्हाळ चालतं ते ड्युटीचंच.

वर्ल्ड बँकेने २०१२ मध्ये एक उदाहरण दिलं होतं ते मला अजून आठवतं. शॉपराइट ही दक्षिण आफ्रिकेची सुपरमार्केट कंपनी, तिला झांबियातल्या आपल्याच दुकानांत मांस, दूध, भाजीपाला न्यायला नुसत्या परमिटांवर आठवड्याला २० हजार डॉलर घालावे लागत होते, आणि एकेका ट्रकबरोबर १६०० पर्यंत कागद. एवढ्या मोठ्या कंपनीचं निदान वेगळं खातं असतं हे सगळं सांभाळायला. एकच ट्रक असणाऱ्याने काय करायचं?

तर यासाठी तक्रारीची सोय आहे, आणि ती आफ्रिकन करारापेक्षाही जुनी आहे. कोमेसा, ईएसी आणि साडेक या पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेकडच्या देशांच्या तीन व्यापारी गटांनी मिळून ऑनलाइन यंत्रणा उभी केली, तिला एसएमएसची जोड दिली, आणि नंतर २०२० मध्ये अंक्टाडच्या मदतीने अख्ख्या खंडासाठी तसंच टूल आलं. तुम्ही तक्रार टाकायची, सचिवालय ती तपासतं, मग ती दोन्ही देशांच्या फोकल पॉइंटकडे, म्हणजे या कामासाठी नेमलेल्या सरकारी माणसाकडे जाते, आणि ज्या देशाविरुद्ध तक्रार आहे त्याला उत्तर द्यावं लागतं. कस्टम्स, दर्जा नियम, वनस्पती आणि प्राण्यांच्या आरोग्याचे नियम, वाहतूक, जादा आकार अशा आठ प्रकारांत ती बसवतात. मला यातली सगळ्यात कामाची गोष्ट वाटते ती म्हणजे समोरच्या सरकारला लेखी बोलावं लागतं, कारण सीमेवर तुम्हाला जे नाही म्हणतात ते कधीच लेखी नसतं.

पण तक्रार लिहिता यायला हवी. 'कस्टम्सवाले विनाकारण त्रास देतात' असं लिहिलं तर ती तक्रार तिथेच मेली, फोकल पॉइंट काय करणार त्याचं. अमुक तारखेला केनिया-युगांडामधल्या मलाबा बॉर्डरवर, अमुक एचएस कोडचा (कस्टम्समध्ये माल ओळखायच्या नंबरचा) माल, सोबत निर्यात करणाऱ्या देशाच्या लॅबचं सर्टिफिकेट होतं, ते कुठल्या खात्याने नाकारलं, कुठला नियम सांगितला (किंवा सांगितलाच नाही), परत टेस्टला किती घेतले, पावती दिली का, किती दिवस गेले. एवढं असेल तर समोरच्याला पळवाट कमी राहते. आणि सगळेच नियम अडथळे नसतात हेही ध्यानात ठेवायला हवं. मक्याचंच घ्या. २०२१ च्या मार्चमध्ये केनियाने युगांडा आणि टांझानियाचा मका अफ्लाटॉक्सिनच्या (धान्यावरच्या बुरशीच्या विषाच्या) कारणाने एका फटक्यात बंद केला, आणि अफ्लाटॉक्सिन खरंच विषारी आहे, केनियात त्याने माणसं मेलेली आहेत, त्यामुळे १० पीपीबीची (अब्जात १० भागांची) मर्यादा लावली म्हणून कोणी ओरडू नये. पण भरलेले ट्रक रस्त्यावर असताना पत्र काढून दार लावणं याचा आरोग्याशी किती संबंध? काही दिवसांतच बंदी उठली आणि त्या जागी रजिस्ट्रेशन, टेस्ट सर्टिफिकेट, मूळ देशाचा दाखला अशा अटी आल्या. हे आधी केलं असतं तर त्याला नुसता नियम म्हटलं असतं, अचानक केलं म्हणून ट्रकवाल्यांसाठी तो अडथळा झाला.

खरी गोची वेगळीच आहे. ज्याला सगळ्यात जास्त त्रास होतो तोच तक्रार करत नाही, आणि आळस म्हणून नाही. ड्रायव्हर परवा परत त्याच गेटमधून येणार असतो, क्लिअरिंग एजंटचं लायसन्स त्याच खात्याच्या हातात असतं, पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार. केनिया-युगांडा सीमेवरच्या बुसियासारख्या ठिकाणी डोक्यावर टोमॅटो, कपडे घेऊन ये-जा करणाऱ्या बायकांसाठी सोपी पद्धत आहे, ठरलेल्या रकमेपर्यंतच्या आणि यादीतल्या मालाला साधा फॉर्म, बॉर्डरवर माहिती डेस्कसुद्धा. तरी कित्येक जणी आडवाटेनेच जातात, कारण गेटवर शंभर प्रश्न आणि वर चिरीमिरी, आडवाटेला फक्त चिरीमिरी. असल्या बाईने पोर्टलवर तक्रार टाकावी ही अपेक्षा मला तरी हास्यास्पद वाटते. म्हणून पोर्टलवर तक्रारी कमी आल्या की अडथळे कमी झाले असं कोणी सांगितलं तर मला हसू येतं.

दुसरं, काही अडथळे फॉर्म भरून जात नाहीत. चिरुंडूला झांबिया आणि झिंबाब्वेने २००९ मध्ये एकाच ठिकाणी दोन्ही देशांची तपासणी सुरू केली, खंडातली पहिली, तेव्हा फरक पडला. झांबिया-बोत्स्वाना सीमेवर कझुंगुलाला ट्रक फेरीबोटीसाठी दिवसेंदिवस थांबायचे, तिथे पूलच बांधावा लागला, तो २०२१ मध्ये सुरू झाला. आणि रवांडाने २०१९ च्या फेब्रुवारीत युगांडाकडची गटुना बॉर्डर ट्रकांना बंद केली ती नीट उघडली २०२२ च्या जानेवारीअखेर, ते भांडण राजकीय होतं, तिथे फोकल पॉइंट बिचारा काय करणार. ईएसीने तर २०१७ मध्ये एनटीबी काढायचा कायदाही केलाय, म्हणजे कायद्याची कमी नाही, तरी भिजत घोंगडं.

तिसरं म्हणजे 'सुटली' हा शेरा. तक्रार सुटली असं बऱ्याचदा अधिकाऱ्यांच्या बैठकीत ठरतं, राजधानीतून सर्क्युलर निघतं, ते गेटवर पोचेपर्यंत शिफ्ट बदललेली असते, आणि ये रे माझ्या मागल्या. माझं म्हणणं साधं आहे, ज्याने तक्रार केली त्याची पुढची गाडी त्याच गेटमधून विनात्रास गेली की मगच फाइल बंद करा. यात तंत्रज्ञान लागत नाही, एक फोन लागतो.

तोवर तिकडे माल पाठवणाऱ्यांनी एवढं करावं. ड्रायव्हरला सांगून ठेवा की पावती मिळाली तर फोटो काढ, नाही मिळाली तर गेटवर पोचल्याची आणि सुटल्याची वेळ तरी मेसेज कर, अधिकाऱ्याशी वाद घालू नको. आणि तक्रार स्वतःच्या नावाने टाकायची भीती वाटत असेल तर ट्रान्सपोर्टरच्या किंवा एजंटच्या असोसिएशनतर्फे टाका, पाच-सहा जणांच्या तशाच केसेस एकत्र जोडून. एकट्याची तक्रार आली की 'ती गाडीच गडबडीची होती' म्हणतात, सहा गाड्यांची आली की तसं म्हणता येत नाही.