पुराचं पाणी ओलांडून आल्यावर गाडीचं काय काय बघायचं

परतीच्या रस्त्यावर नदीकाठचा सखल पट्टा पाण्याखाली गेला होता. पाणी वाहतं नव्हतं, शेतांतून चढून रस्त्यावर साचलेलं होतं. वाहतं असतं तर आम्ही गाडी घातलीच नसती. जेमतेम ३० सेंटीमीटर पाणीसुद्धा छोटी गाडी तरंगवू शकतं, आणि ६० सेंटीमीटरचा प्रवाह बहुतेक गाड्या वाहून नेतो. पुढच्या जीपची चाकं मध्यापर्यंत बुडून बाहेर आली ते बघून मेव्हण्याने पहिल्या गिअरमध्ये, एकाच संथ गतीने गाडी काढली. सगळं बरं चाललं होतं, पण समोरून एक ट्रक भरधाव आला आणि त्याची लाट थेट बॉनेटवर आदळली. दाराच्या रबरातून पाणी आत आलं, पायाखालची मॅट तरंगायला लागली. इंजिन मात्र बंद पडलं नाही.

"दाजी, इंजिन चालतंय ना, मग निघू या की सरळ," तो म्हणाला. इथेच माझं त्याच्याशी वाजलं. पाण्यातून गाडी बाहेर आली म्हणजे प्रकरण मिटलं असं धरून चालणारे पुढे महिनाभर गॅरेजच्या फेऱ्या मारतात.

बाहेर पडल्या पडल्या बघायचे ते ब्रेक. पेडल नेहमीसारखं घट्ट लागलं, पण गाडी थांबायचं नाव घेईना. चाकाबरोबर फिरणारी चकती म्हणजे डिस्क, ती ओली असली की तिला धरणारे पॅड नुसते घसरतात. रस्ता मोकळा आहे आणि मागे कोणी नाही हे बघून, हळू चालवत ब्रेक हलका दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. घर्षणाच्या उष्णतेने पाणी उडून जातं. डिस्क लवकर सुकतात. मागे ड्रम, म्हणजे बंद डब्यासारखे ब्रेक असतील तर जरा जास्त वेळ द्यावा, कारण त्यांत पाणी आणि गाळ दोन्ही अडकून बसतात.

मग उंचावर गाडी लावून बॉनेट उघडलं. एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा काढून कागदी फिल्टर बोटांनी चाचपला. खालची कड जरा दमट होती, कागद कोरडा होता, डब्याच्या तळाशी पाणी नव्हतं. सुटलो. फिल्टर चिंब असता तर इंजिन तिथेच बंद करून ठेवलं असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की त्याला खालून जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि डिझेल इंजिनात दाब जास्त असल्याने धोकाही जास्त. म्हणून गाडी पाण्यात बंद पडली असेल तर एकदाही स्टार्टर मारू नका. ढकलून बाहेर काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा आणि टो करून न्या. ऑटोमॅटिक किंवा चारही चाकांना ताकद देणारी गाडी असेल तर चारही चाकं उचलून.

इंजिन बंद करून गाडी सपाटीवर थोडा वेळ उभी राहिली की डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइल मोजायची पट्टी काढा. ऑइल दुधाळ दिसलं किंवा पातळी वाढलेली दिसली तर पाणी आत शिरलंय. आमचं ऑइल स्वच्छ होतं. रेडिएटरच्या जाळीत मात्र गवत आणि प्लास्टिक खच्चून भरलं होतं. ते तसंच राहिलं असतं तर पुढच्या चढाला गाडी तापली असती.

रात्री गाडी लावताना हँडब्रेक ओढला नाही. ब्रेकचे ओले लायनर (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या) रात्रभर दाबून ठेवले की गंजाने ड्रमला चिकटतात आणि सकाळी चाक हलत नाही. गाडी सपाटीवर लावली, गिअरमध्ये ठेवली आणि चाकांना दगड लावले.

खरं काम दुसऱ्या दिवशी. मॅट काढल्या, कार्पेट वरून कोरडं लागलं आणि मेव्हण्याला वाटलं झालं. मी तळहाताने जोरात दाबलं तर बोटांच्या फटींतून गढूळ पाणी वर आलं. कार्पेटखाली जाड फोम असतो, तो वरून कितीही ऊन दिलं तरी सुकत नाही. २४ ते ४८ तासांत बुरशी धरायला लागते, आणि एकदा वास बसला की कुठलाही स्प्रे मारा, पहिल्या पावसात तो परत येतो. पुढच्या सीट काढून कार्पेट उचलावंच लागतं. सीटखाली पिवळे कनेक्टर दिसतील, ते एअरबॅगचे. बॅटरी सोडून काही मिनिटं थांबल्याशिवाय त्यांना हात लावू नका, नाहीतर हे काम सरळ मेकॅनिकवर सोपवा. काही गाड्यांत इलेक्ट्रॉनिक युनिटही सीटखालीच असतं, ते भिजलंय का बघा. फरशीतली रबरी बुचं काढली की उरलेलं पाणी निघून जातं. स्टेपनीचा खड्डा आणि दारांच्या खालच्या कडेची भोकं हमखास राहून जातात. आमच्या एका दारात गाळाने भोक बुजलं होतं, काडी घातल्यावर पाण्याची धार लागली.

आवरायला घेण्याआधी फोटो काढा, पाणी कुठवर चढलं होतं ती गाळाची रेघ दिसेल असे. विमा कंपनीलाही आधीच कळवा. पाण्याने झालेलं इंजिनाचं नुकसान काही पॉलिसींत वेगळं कव्हर घेतल्याशिवाय धरत नाहीत.

गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (दोन्ही बाजूंच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा संच) लोक विसरतात. त्यांचं गरम केसिंग अचानक थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरच्या, म्हणजे हवा जाण्यायेण्याच्या नळीतून पाणी आत ओढलं जातं. थोडं ऑइल काढून बघायचं, रंग दुधाळ असेल तर बदलायचं. खालून गाडी साध्या पाण्याने धुवा, पण प्रेशरचा फवारा कनेक्टरवर मारू नका.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर नारिंगी केबलला हातच लावायचा नाही, तिच्यात जास्त दाबाची वीज असते. समुद्राचं खारं पाणी बॅटरीत शिरलं असेल तर आग कित्येक दिवसांनीही लागू शकते. २०२२च्या इयान चक्रीवादळानंतर फ्लोरिडात अशा गाड्या पेटल्या होत्या. अशी गाडी इमारतीपासून किमान १५ मीटर लांब ठेवा.

आमच्याकडे एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा नंतर लागला, गाडी कोरडी ठणठणीत झाल्यावर. पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचा कनेक्टर उघडला तर पिना हिरव्या पडल्या होत्या. कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ केल्यावर दिवा गेला. त्याच बाजूने घूंऽऽ असा आवाजही यायला लागला होता, वेग वाढला की वाढणारा. उजव्या वळणावर, म्हणजे भार डावीकडे गेला की जास्त, डाव्या वळणावर कमी. डावं बेअरिंग गेलं होतं, तेवढं बदलून घेतलं.