कोऱ्या चिपला दिलेली सवलत

बोर्ड होता दाराच्या कार्ड-रीडरचा, ऑफिसांच्या भिंतीवर लावतात तसला. पुण्यातल्या आमच्या टेस्टिंग लॅबमध्ये तो घेऊन ग्राहक कंपनीचे डिझाइनप्रमुख स्वतः आले होते. फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये भरलेला प्रोग्राम, बाहेरून वाचता येऊ नये अशी निविदेत अट होती आणि त्यांना तसा रिपोर्ट हवा होता. "चिप लॉक आहे, मॅडम. तेवढं बघा आणि सही करा."

लॉक खरोखरच होतं. चिप एनएक्सपी कंपनीच्या एलपीसी मालिकेतली. रीसेट सुटला की आधी तिच्या रॉममधला, म्हणजे न बदलणाऱ्या मेमरीतला, बूटलोडर हा चिप सुरू करणारा छोटा प्रोग्राम उठतो आणि सिरियल पोर्टवर त्याच्याशी बोलता येतं. प्रश्नचिन्ह पाठवलं, 'सिंक्रोनाइज्ड' असं उत्तर आलं. फ्लॅशचे, म्हणजे फर्मवेअर असलेल्या मेमरीचे, पहिले चार बाइट मागितले, तर १९. म्हणजे वाचायला मनाई. पुन्हा मागितले, पुन्हा १९.

एवढ्यावर सही करायला मी तयार नव्हते, कारण या कुलपाची रचनाच मला खटकते. कुलूप म्हणजे फ्लॅशमधला बत्तीस बिटांचा एक शब्द, पत्ता हेक्समध्ये २एफसी. बूटलोडर उठल्या उठल्या तो वाचतो. तिथे १२३४५६७८ असेल तर लॉकची पहिली पातळी, ८७६५४३२१ असेल तर दुसरी, ४३२१८७६५ असेल तर तिसरी. भलतंच काही आलं, तर चिप उघडी! कोऱ्या फ्लॅशमध्ये सगळे बिट १ असतात आणि कोऱ्या चिपमध्ये प्रोग्राम भरता यायलाच हवा, म्हणून ही सवलत. पण त्यामुळे चार अब्जांवर शक्यतांपैकी बंद ठेवणाऱ्या बोटांवर मोजण्याइतक्या, बाकीच्या सगळ्या उघडणाऱ्या. तो शब्द वाचताना एखादा बिट जरी चुकला, तरी संपलं. ख्रिस गेरलिन्स्की यांनी २०१७ मध्ये ब्रुसेल्सच्या रीकॉन परिषदेत याच मालिकेवर, चिपच्या व्होल्टेजला क्षणभर झटका देऊन, हे करून दाखवलं होतं. तरीही ही चिप नव्या डिझाइनमध्ये येत राहते, याचं मला फार वाईट वाटतं.

आमच्या ज्युनिअरने चिपच्या सप्लायवरचे कपॅसिटर काढले, कारण ते असले की झटका गिळून टाकतात. सप्लाय आणि ग्राउंडच्या मध्ये मॉसफेट, म्हणजे एक अतिवेगवान इलेक्ट्रॉनिक स्विच, जोडला. तो क्षणभर चालू केला की चिपचा व्होल्टेज खाली आपटतो, काही नॅनोसेकंदच. जास्त वेळ धरला तर चिप रीसेट होते, कमी धरला तर तिला कळतही नाही. तो झटका नेमका २एफसी वाचला जातो त्या क्षणी बसायला हवा. तो क्षण आधी कळत नाही, म्हणून स्क्रिप्ट लावली. रीसेट, थोडं थांबणं, झटका, चार बाइटची मागणी; मग थांबण्याचा काळ जरासा वाढवून पुन्हा तेच. स्क्रीनवर १९, १९, १९ सरकत होतं. मध्येच बोर्ड गप्प बसायचा, म्हणजे झटका जास्त झाला.

जेवणानंतर ज्युनिअर ओरडला, "मॅडम, शून्य आलं!" शून्य म्हणजे मागणी मान्य. खालची ओळ डॉलरच्या चिन्हाने सुरू झाली होती. बूटलोडर डेटा अक्षरांच्या रूपात पाठवतो; त्या यूयू-एन्कोडिंगमध्ये डॉलरचा अर्थ चार बाइट. कुलूप उघडलं होतं. पुढचा रीसेट होईपर्यंत ते उघडंच राहतं, त्यामुळे पूर्ण फ्लॅश निवांत उतरवून घेतली. शेवटाकडे, कोऱ्या जागेच्या एफएफ-एफएफच्या (सगळे बिट १ असले की हेक्समध्ये एफएफ) रांगांमध्ये, सोळा बाइट एकटेच बसले होते.

डिझाइनप्रमुखांनी खुर्ची पुढे ओढली. "ही कार्डाची मास्टर की आहे," ते म्हणाले, आणि मग स्वतःहूनच, "सगळ्या रीडरमध्ये हीच आहे." मी विचारलेलं नव्हतं. त्यांच्या या सरळपणाबद्दल मला आदर वाटला.

मग व्हाइटबोर्डवर मी एसटीएम३२ या दुसऱ्या चिप-मालिकेचं उदाहरण मांडलं. तिथे कुलपाच्या जागी एए हा बाइट असेल तर चिप उघडी, सीसी असेल तर कायमची बंद, आणि बाकी काहीही असलं तर मधली पातळी, म्हणजे फ्लॅश बंदच. शंका आली तर कुलूप, हे मला पटतं. पण तीही अभेद्य नाही. डिसेंबर २०१८ मध्ये लाइपझिगच्या परिषदेत संशोधकांनी एका क्रिप्टो वॉलेटमधली अशी चिप झटक्याने कायमच्या बंद पातळीवरून मधल्या पातळीवर आणली. मधल्या पातळीवर डीबगरने, म्हणजे चिप आतून तपासायच्या उपकरणाने, रॅम ही चालू कामाची मेमरी वाचता येते, आणि अपडेटच्या वेळी गुपित रॅममध्ये उतरलेलं होतं. म्हणून माझा आग्रह चिप बदलण्याइतकाच किल्लीवर होता. किल्ली वेगळ्या सिक्युअर एलिमेंटमध्ये, म्हणजे गुपितं जपण्यासाठीच बनवलेल्या चिपमध्ये, ठेवा आणि प्रत्येक रीडरला स्वतंत्र द्या, म्हणजे एक फुटला तरी बाकीची दारं शाबूत राहतील.

त्यांनी तिथूनच सर्व्हिस विभागाला फोन लावला. पलीकडून लगेच तक्रार : कायमचं लॉक केलं तर परत आलेले बोर्ड तपासायचे कसे? तक्रार रास्त होती. संध्याकाळपर्यंत तेवढ्यावरच बोलणं चाललं. शेवटी ठरलं, की डीबग पोर्ट बंदच राहील, बिघाडाची नोंद फर्मवेअर स्वतः ठेवेल आणि अपडेट फक्त कंपनीची डिजिटल सही असलेलंच चढेल. भिंतींवर आधीच लागलेल्या रीडरांचा बूटलोडर रॉममध्ये असल्याने बदलता येणार नव्हता. त्यांच्या किल्ल्या बदलायची यादी डिझाइनप्रमुखांनी माझ्याच टेबलावर बसून करायला घेतली. रिपोर्टवर मी 'अनुत्तीर्ण' लिहिलं आणि तो त्यांनी हरकत न घेता नेला.