गुरुवारी नमुना घ्यायचा नाही

पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रकल्प निवडायची वेळ आली, तेव्हा वर्गातल्या बहुतेकांनी साखर कारखान्यांचे सांडपाणी, बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रींची वाळू असे भारदस्त विषय घेतले. मी बळ्ळारी नाला घेतला. कारण साधे होते: नाला आमच्या शेताच्या बांधाला लागून वाहतो, आणि नमुना आणायला बसभाडे पडत नव्हते. शहराचे सांडपाणी पोटात घेऊन शहापूर-वडगावच्या शिवारातून पुढे मार्कंडेय नदीकडे जाणारा हा नाला पावसाळ्यात जलपर्णीने तुंबतो आणि काठच्या भातात शिरतो, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. ज्या बेळगाव बासमतीच्या वासाचे कौतुक जुनी माणसे अजून करतात, तिचे हेच शिवार.

पाण्यातली घाण मोजण्याचे आमचे मुख्य माप म्हणजे बीओडी, अर्थात पाण्यातले सेंद्रिय द्रव्य कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात त्याचा हिशेब. मूळ पद्धत इंग्लंडमधली, पाच दिवसांची. तिथल्या नद्यांचे पाणी साधारण तेवढ्या दिवसांत समुद्राला मिळते, म्हणून पाच दिवस धरले असे सांगतात. आपल्याकडच्या उष्ण हवेत जिवाणूंचे काम लवकर उरकते, त्यामुळे भारतात २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस अशी पद्धत रूढ झाली. या तीन दिवसांनीच आम्हाला छळले. गुरुवारी ठेवलेली बाटली रविवारी उघडावी लागते आणि रविवारी प्रयोगशाळेला कुलूप असायचे. त्यामुळे दोन वर्षांच्या आमच्या नोंदींत बळ्ळारी नाला गुरुवारी कधीच प्रदूषित झालेला नाही.

पहिला नमुना मी वाया घालवला. स्वच्छ पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन या तापमानाला लिटरमागे जेमतेम आठ मिलिग्रॅम मावतो आणि घरगुती सांडपाण्याची मागणी दोनशेच्या आसपास असते, म्हणून नमुना आधी भरपूर पातळ करावा लागतो, हे वर्गात शिकूनही मी नाल्याचे पाणी तसेच बाटलीत भरले. ऑक्सिजन मोजताना बाटलीत बुडबुडा राहू न देता आधी मँगेनीज सल्फेट आणि मग अल्कधर्मी आयोडाइड सोडतात. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. तीन दिवसांनंतर सोडाच, त्याच दिवशी उघडलेल्या बाटलीतही दुधासारखा पांढराशुभ्र साका तळाशी बसला. रसायने खराब असतील असे समजून मी नळाचे पाणी घेऊन पाहिले, तर साका व्यवस्थित तपकिरी. रसायने चांगली होती. नाल्यातच श्वास घेण्यापुरते काही उरले नव्हते.

घरी जेवताना मी बाबांना समजावत होते की सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदामुळे जलपर्णी माजते आणि या प्रकाराला शास्त्रात सुपोषण म्हणतात. बाबा हसले. ‘‘काय गे, पोषण झाल्यावर कुणाचं वाटोळं होतंय होय?’’ हा पारिभाषिक शब्द बनवणाऱ्याने शेतकऱ्यासमोर एकदा उच्चारून पाहायला हवा होता, असे मला तेव्हापासून वाटते. पण हसून झाल्यावर बाबांनी जे सांगितले ते माझ्या एकाही पुस्तकात इतके नेमके नव्हते: नाल्याचे पाणी शिरलेल्या वाफ्यात भात काळेभोर हिरवे होते, कमरेच्या वर वाढते, आणि लोंबीत दूध भरायच्या वेळी एका वाऱ्यात लोळते, मग निम्मे दाणे पोचट. नत्र गरजेपेक्षा जास्त झाले की ताट उंच आणि ठिसूळ होते, आणि मुळात उंच वाढणारी सुवासिक जुनी वाणे तर सगळ्यांत आधी आडवी होतात. बाबा नत्र मोजत होते. मी ऑक्सिजन मोजत होते.

दुसऱ्या दिवशी पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ मधला सांडपाण्याच्या मानकांचा तक्ता मी पुन्हा काढला. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला बीओडीची मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम आहे, सिंचनासाठी जमिनीवर सोडायच्या पाण्याला १००. अमोनियातल्या नत्राला नदीनाल्याच्या रकान्यात ५० चा आकडा आहे. सिंचनाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. सांडपाण्यातले नत्र जमिनीला खत म्हणून चालते, असा त्यामागे विचार असावा, आणि उसाच्या बाबतीत तो काही अंशी खराही असेल. पण आमच्याकडे ते पाणी कोणी मोजून सोडत नाही, ते आपणहून येते, आणि बरोबर भर पावसात, भाताला त्याची गरज नसताना येते. शुद्धीकरण केंद्राचा आराखडा मुख्यतः बीओडी उतरवण्यासाठी केलेला असेल, तर ते उत्तम चालूनही बरेचसे नत्र पाण्यात तसेच राहू शकते. नत्र काढायला वेगळा, ऑक्सिजनविरहित टप्पा लागतो आणि त्याचा खर्चही वेगळा.

मला प्रबंधात नत्राचे आकडे घालायचे होते. त्यासाठी लागणारे केल्डाल उपकरण विभागात होते, पण त्याची काचेची नळी फुटलेली होती, आणि नवीन नळीचा मागणी-अर्ज माझे शेवटचे सत्र संपले तरी टेबलावरून टेबलावर फिरत राहिला. बीओडीचे सगळे आकडे भरून झाले, नत्राचा रकाना रिकामाच राहिला. रिकामा रकाना परीक्षकांना खटकेल, तिथे ‘लागू नाही’ असे लिहून टाक, असे मार्गदर्शक सरांनी सुचवले. सर, लागू आहे, असे मी म्हटले, आणि बांधणीला देण्यापूर्वी त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत, बारा नमुन्यांसमोर बारा वेळा, ‘मोजले नाही’ असे लिहिले.