एक दांडी, दोन दांड्या

बाबा-आई एप्रिलमध्ये सहा महिन्यांसाठी आमच्याकडे सॅन होजेला आले. आईला आल्या दिवशी नातवंडं मिळाली, दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघर मिळालं. बाबांना काही मिळेना. सारी नोकरी त्यांनी नागपुरात एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढली. इंजिन उघडायचं, ऐकायचं, पुन्हा जोडायचं, हेच त्यांचं आयुष्य. इथे माझ्या गाडीचं बॉनेट त्यांनी एकदा उघडलं, आतलं प्लॅस्टिकचं झाकण पाहिलं आणि बंद केलं.

आमचं घर लेक कनिंगहॅमपासून चालत दहा मिनिटांवर आहे. तळ्याच्या पलीकडे रस्ता आणि रस्त्यापलीकडे रीड-हिलव्ह्यू विमानतळ. प्रवासी कंपन्यांची विमानं इथे येत नाहीत. शेजारी शेजारी दोन धावपट्ट्या आहेत, दोन्ही जेमतेम 3100 फुटांच्या. दिवसभर शिकाऊ वैमानिक लहान विमानांनी तळ्याभोवतीच्या आकाशात गोल गोल फिरत असतात, सुमारे हजार फुटांवर. तळ्याला एक फेरी मारेस्तोवर डोक्यावरून पंधरा-वीस विमानं सहज जातात. मला ती ओळखायचा नाद लागून सात वर्षं झाली. बाबांना तो नाद लागायला एक संध्याकाळ पुरली.

पहिल्या दिवशी ते रंगावरून ओळखायला लागले. "ते लाल पट्ट्याचं परत आलं पाय." मी म्हटलं, बाबा, रंग विसरा. मालक बदलला की रंग बदलतो. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "हाव. आमच्या तर साऱ्याच गाड्या लाल." मग त्यांनी मला सांगितलं की डेपोत शिरणारी गाडी टाटा आहे की लेलँड हे ते पाठमोरे उभे राहून सांगायचे, आवाजावरून. आणि समोर असली तर तोंडवळ्यावरून. मला शिकवायला फारसं काही उरलंच नव्हतं. विमानही ठेवणीवरूनच ओळखायचं असतं.

सुरुवात पंखांपासून करावी. पंख केबिनच्या वर आहेत की खाली? इथे डोक्यावरून जाणाऱ्यांत पंख वर असलेलं विमान बहुतेक वेळा सेस्ना या अमेरिकन कंपनीचं निघतं. मग दांडी बघायची. सेस्ना 172 च्या पंखाखाली दोन्ही बाजूंना एकेक तिरकी दांडी असते, केबिनच्या तळापासून पंखाच्या मध्यापर्यंत गेलेली. पंखाचा भार ती घेते, म्हणून पंख मुळाशी फार जड करावा लागत नाही. बाबांना हे सांगावं लागलं नाही. "टेकू हाये तो," ते म्हणाले. मी त्यांना सेस्ना 177 चा, म्हणजे कार्डिनलचा फोटो दाखवला. पंख वरच, पण दांडी नाही. 1968 सालचं मॉडेल. पंखही जरा मागे सरकवलेला, वळताना वैमानिकाला बाहेरचं दिसावं म्हणून. त्यांचा प्रश्न लगेच आला: "मग मुळाशी जाड केला असंल?" टेकू काढला की तो भार पंखातल्या तुळईनेच घ्यायचा, दुसरा मार्ग नाही.

172 ची आजवर 44000 पेक्षा जास्त विमानं बनली. जगात दुसरं कुठलंही विमान इतक्या संख्येने बनलेलं नाही, त्यामुळे शंका आली तर 172 म्हणावं आणि पुढे चालावं असं इथले लोक म्हणतात. मला ते पटत नाही. तिचं धाकटं भावंड 152 लांबून अगदी तसंच दिसतं, पण बाजूने गेलं की दाराच्या मागची खिडकी पाहावी. 152 मध्ये दोनच माणसं बसतात, मागे सामानाची जागा, म्हणून ती खिडकी आखूड. 172 मध्ये मागे आणखी दोघं बसतात आणि त्यांना त्यांची स्वतःची लांब खिडकी मिळते. एवढं पाहिलं की अंदाज बांधावा लागत नाही.

त्याहून मजेचं म्हणजे 172 चं वय. 1956 साली विक्रीला आलेल्या 172 चं उभं शेपूट सरळ होतं. 1960 मध्ये ते मागे कललेलं केलं, मुख्यतः दिसायला वेगवान वाटावं म्हणून. 1963 मध्ये केबिनच्या पाठीला काच आली, वैमानिकाला मागेही दिसू लागलं. आता एखाद्या विमानाचं शेपूट कललेलं आहे पण पाठीला काच नाही, तर ते कधीचं? 1960 ते 1962. बाबांनी हा हिशेब तळ्याकाठच्या बाकावर बसून बोटांवर केला आणि त्यानंतर तीन आठवडे ते तसलं एक विमान शोधत होते. सापडलं ते मेच्या शेवटी. पांढरं, रंग उडालेलं, पाठ बंद. ते बाकावरून उठून उभे राहिले.

172 आणि 182 वेगळं करणं मला सात वर्षांत नीट जमलेलं नाही. 182 अंगाने रुंद आहे, नाक मोठं आहे, पण शेजारी दुसरं विमान नसताना रुंद म्हणजे किती रुंद? हे मला बाबांनी शिकवलं, आणि तेही आकाशाकडे न बघता. एक सेस्ना उडालं, वर चढलं आणि थोड्या वेळात त्याचा आवाज खाली उतरला. बाबा म्हणाले, "यानं गिअर टाकला." विमानाला गिअर नसतो, पण ते जे म्हणत होते ते बरोबरच होतं. 172 च्या नाकावरच्या पंख्याची पाती पक्की बसवलेली असतात, कोन बदलत नाही. 182 मध्ये तो कोन बदलता येतो, त्यामुळे वर चढताना वैमानिक पंख्याचे फेरे कमी करतो आणि सूर उतरतो. ते विमान वळून बाजूने गेलं तेव्हा मी दुर्बिणीतून नंबर वाचला आणि घरी येऊन पाहिला. 182 होतं. नंबर वाचून मॉडेल शोधणं मला एरवी आवडत नाही, ते उत्तर पाहून गणित सोडवण्यासारखं वाटतं. त्या दिवशी मात्र पाहिलं.

पंख खाली असलेल्यांत पायपर कंपनीचं पीए-28 सगळ्यांत जास्त. दारं किती आहेत ते बघावं. एकच, उजवीकडे. चढायचं तेही पंखावर पाय देऊन, आणि वैमानिक आधी आत सरकतो. त्यातल्या जुन्या मॉडेलचा, चेरोकीचा, पंख मुळापासून टोकापर्यंत एकाच रुंदीचा, पाटीसारखा. अमेरिकन वैमानिक त्याला हर्शीच्या चॉकलेटची वडी म्हणतात. 1970 नंतरच्या दशकात त्याचंच नवं मॉडेल वॉरियर आलं आणि पंखाचा बाहेरचा अर्धा भाग निमुळता झाला. खालून पाहिलं की हा फरक इतका स्वच्छ दिसतो की आमची धाकटी, वय साडेपाच, "पाटी!" किंवा "पाटी नाही!" असं ओरडत तळ्याभोवती पळते.

मूनी ओळखायला काहीच लागत नाही. बहुतेक विमानांचं उभं शेपूट पुढून तिरकं असतं. मूनीचं पुढून ताठ उभं आणि मागून तिरकं, जणू कुणी उलटं जोडलंय. बोनान्झाचं जुनं मॉडेल तर त्याहून सोपं, त्याला शेपटाच्या तीन पट्ट्यांऐवजी दोनच, व्हीसारख्या उघडलेल्या. 1947 पासून 1982 पर्यंत बनली ती. आईने आजवर ओळखलेलं एकमेव विमान हेच. "सशाचे कान," ती म्हणते.

नव्या विमानांत सिरस आणि डायमंड. दोन्ही पत्र्याची नाहीत, म्हणून अंग गुळगुळीत, रिव्हेट कुठेच नाही. सिरसच्या पंखाची पुढची कड बघावी: मध्येच एक पायरी पडते आणि बाहेरचा भाग जरा पुढे, खाली येतो. विमानाचा वेग फार कमी होऊन पंखाचा आतला भाग निकामी झाला तरी बाहेरचा भाग काम करत राहावा, विमान वैमानिकाच्या ताब्यात राहावं, यासाठी ती पायरी आहे. अख्ख्या विमानाला धरणारं पॅराशूटही आत असतं, पण ते बाहेरून दिसत नाही. डायमंड डीए-40 चे पंख लांब आणि सडपातळ, आडवं शेपूट उभ्याच्या माथ्यावर, इंग्रजी टीसारखं. माझा मावसभाऊ गोंदियाजवळ बिरसीला याच विमानावर उडायला शिकला. बाबांनी त्याला व्हिडिओ कॉल लावून आकाशातलं डीए-40 दाखवलं. फोनमध्ये त्याला ठिपका दिसला असणार, पण तो म्हणाला, "काका, पंखावरून कळलं."

एक गोष्ट इथे सांगायला हवी. या विमानांचं पेट्रोल शिसं घातलेलं असायचं. काउंटीने, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाने, करून घेतलेल्या आणि 2021 मध्ये बाहेर आलेल्या अभ्यासात विमानतळाजवळच्या मुलांच्या रक्तात शिसं जास्त आढळलं, आणि 1 जानेवारी 2022 पासून काउंटीने इथे ते पेट्रोल विकणं थांबवलं. माझी दोन्ही मुलं याच हवेत वाढतायत. विमानं मला प्रिय आहेत, आणि ते पेट्रोल गेलं याचा मला मनापासून आनंद आहे.

आता पुष्पकबद्दल. बाबांच्या मामांचं घर नागपूरच्या सोनेगाव विमानतळाजवळ होतं. लहानपणी तिथे त्यांनी एक विमान पाहिलं होतं, "कापडाचं", ते नेहमी सांगायचे आणि आम्ही भावंडं ऐकून घ्यायचो. या वेळी मी विचारलं, पंख वर की खाली? वर. दांडी? दोन, एकाच ठिकाणून निघून पंखाकडे फाकलेल्या. चाकं? दोन मोठी पुढे, एक बारकं शेपटाखाली, त्यामुळे जमिनीवर नाक वर करून बसायचं. माणसं? दोन, शेजारी शेजारी. हे पुष्पकच. हिंदुस्थान एअरक्राफ्टने बंगळुरूला बनवलेलं, 1958 साली पहिल्यांदा उडालेलं, 90 अश्वशक्तीचं. दीडशेहून जास्त बनली आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत गेली. तिथल्या रचनाकारांचे प्रमुख होते डॉ. विष्णू माधव घाटगे, आपले मराठी, जर्मनीत ग्यॉटिंगेनला प्रांटल या नामवंत वायुगतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकून आलेले. बाबांना ते नाव माहीत नव्हतं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

सप्टेंबरमध्ये, परतीच्या दोन आठवडे आधी, आम्ही विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभे होतो. आत एक सिटाब्रिया उभं होतं. नाक वर, बारकं चाक मागे, पंख वर, आणि पंखाखाली दोन फाकलेल्या दांड्या. कापडावर ऊन पडलं की आतल्या फासळ्या दिसतात, तशा दिसत होत्या. बाबांनी कुंपणाची जाळी दोन्ही हातांनी धरली.

मी त्यांना सांगितलं की हे पुष्पक नाही, पण परकंही नाही. सिटाब्रिया निघालं एरोन्का नावाच्या अमेरिकन कंपनीच्या चॅम्प या विमानातून. त्याच कंपनीच्या चीफ या विमानावरून घाटग्यांच्या काळात पुष्पक झालं. म्हणजे चुलत घराणं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, फोटो काढ, आणि दांड्या नीट आल्या पाहिजेत.

तो फोटो त्यांनी नागपूरच्या वर्कशॉपमधल्या मित्राला पाठवला. त्या काकांचं उत्तर आलं: "अरे, आपलं पुष्पक अमेरिकेत कसं गेलं?"

बाबांनी एका बोटाने, सावकाश टाइप केलं: "गेलं नाही. तिथूनच आलं होतं." पाठवलं. मग फोटो पुन्हा मोठा करून पाहिला आणि खाली आणखी एक ओळ लिहिली: "आणि सीटा एकामागं एक हायेत, शेजारी नाही. नीट पाय."