तिन्ही नोडचं एकमत, बेरीज मात्र चुकीची

मंगळवार, रात्री उशिरा

नोड, म्हणजे नेटवर्कने जोडलेली यंत्रं, शेवटी एकाच उत्तरावर येतात हे दाखवणाऱ्या ज्या सिद्धतेवर दीड महिना काम केलं, ती आज पुन्हा ओळीओळीने तपासली. तिच्यात चूक नाही. चूक तिच्या बाहेर आहे, आणि ती माझ्या विद्यार्थिनीने शोधली.

आमच्या छोट्या प्रोग्रॅमिंग भाषेत प्रोग्रॅम लिहिणारा मर्ज फंक्शन, म्हणजे दोन नोडांकडची माहिती एकत्र करायची रीत, लिहितो आणि कंपायलर तीन गोष्टी तपासतो: मेसेज कुठल्याही क्रमाने आले, कसेही गट करून जोडले, एकच मेसेज दोनदा आला, तरी उत्तर तेच यायला हवं. २०११मध्ये मार्क शापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीआरडीटीची (नोडांनी आपापल्या प्रती वेगवेगळ्या बदलल्या तरी ज्या आपोआप जुळतात अशा डेटा-रचनांची) जी मांडणी केली, तिचाच हा आधार. सगळ्यात साधं उदाहरण मोजणीचं. प्रत्येक नोडला स्वतःचा रकाना, त्यात वाढ फक्त त्यानेच करायची. मर्ज करताना दर रकान्यातली मोठी संख्या ठेवायची. एकूण म्हणजे सगळ्या रकान्यांची बेरीज. शिकवताना मी फळ्यावर पहिल्यांदा हेच लिहिते.

विद्यार्थिनीने चाचणीत नोड मधेच बंद करून पुन्हा सुरू करायला घेतले. दुपारी येऊन म्हणाली, "मॅडम, तिन्ही नोड एकच आकडा सांगतायत, पण तो कमी आहे."

कागदावर मांडून बघितलं. पहिल्या नोडचा रकाना ७वर होता आणि इतरांना ते कळलं होतं. नोड बंद पडला, मेमरी गेली, तो ०पासून सुरू झाला आणि त्याने नव्या ५ नोंदी मोजल्या. मर्जमध्ये ७ आणि ५ यांतले ७ राहिले. पाच नोंदी कुठलाही एरर न येता गेल्या.

"मग उठल्यावर आधी इतरांना विचारायचं," ती म्हणाली. मलाही आधी तेच सुचलं होतं. पण नोड ९पर्यंत पोचला असेल आणि इतरांना ७च ठाऊक असतील तर? उठल्यावर तो ७पासून मोजतो, नवी नोंद येते, रकाना ८ होतो. मग वाटेत रेंगाळलेला ९चा जुना मेसेज येतो आणि मर्ज त्यालाच मोठा मानतो. नवी नोंद जुन्यांच्या पोटात जाते. तासभर वाद घालून दोनच वाटा उरल्या: प्रत्येक वाढ, ती झाल्याची पोच देण्याआधी, डिस्कवर लिहायची, नाहीतर दर वेळी उठताना नवी ओळख घ्यायची. दुसऱ्या वाटेने रकाने वाढत जातात, त्यांची साफसफाई हा वेगळाच प्रश्न.

माझ्या सिद्धतेत "नोडला स्वतःचा रकाना आठवतो" हे गृहीत होतं. ते मी कुठेच लिहिलं नव्हतं, म्हणून कंपायलरला तपासता आलं नाही आणि मला दिसलं नाही.

संशोधक पामेला झेव्ह यांचं कॉर्डवरचं (नोडांना वर्तुळात मांडून कुठली माहिती कुठल्या नोडवर आहे ते शोधणाऱ्या प्रोटोकॉलवरचं) काम यासाठीच मला इतकं मोलाचं वाटतं. कॉर्ड २००१मध्ये आला आणि खूप गाजला. २०१२मध्ये झेव्ह यांनी छोट्या मॉडेलांवर दाखवून दिलं, की कॉर्डचं वर्तुळ सांभाळणाऱ्या प्रोटोकॉलची छापून आलेली एकही आवृत्ती बरोबर नाही. छोटं मॉडेल, पण त्यात नोड येतात, जातात, मरतात. आम्ही भाषांचे लोक मरणाचा विचार फार उशिरा करतो. १९९४मध्ये जिम वाल्डो आणि सहकाऱ्यांनी बजावलं होतं, की दूरचा, म्हणजे दुसऱ्या मशीनवरचा, ऑब्जेक्ट जवळच्यासारखा वागवू नका, कारण अर्धंच काहीतरी बंद पडणं हा प्रकार एका मशीनवर त्या रूपात नसतोच. हे मी दर वर्षी वाचायला देते. तरी स्वतःच्या टाइप सिस्टिममध्ये, म्हणजे कंपायलर ज्या नियमांवरून प्रोग्रॅम तपासतो त्यांत, बंद पडण्याला जागा ठेवली नाही, याचं आज मनापासून वाईट वाटलं.

पेपरची मुदत अकरा दिवसांवर आहे. गृहीतकाची एक ओळ टाकून तो पाठवता येईल, प्रमेय खरंच राहील. पण ज्याने आमच्या भाषेत काउंटर लिहिला, त्याला ती ओळ कोण वाचून दाखवणार? रकान्याच्या टाइपमध्येच तो रीस्टार्टनंतर टिकतो की नाही हे लिहावं लागलं, आणि न टिकणारा रकाना जुन्या ओळखीने वापरला तर कंपायलरनेच अडवलं, तर तो खरा पेपर होईल. अकरा दिवसांत होणार नाही. तिला मघाशीच कळवलं, की ही मुदत आपण सोडतोय आणि तिची चाचणी आता दुसऱ्या प्रकरणात येईल. तिचं उत्तर आलंय: डिस्कवर अर्धंच लिहून नोड मेला तर काय होतं, ते ती आत्ता चालवून बघतेय.